हिंगण्यापासून उदवाड्यापर्यंत : महिला विद्यापीठाच्या लोककार्यावरील प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल २०२४

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जयंतीचे औचित्य साधून आज आम्ही पाच माजी विद्यार्थिनींनी कामाला प्रारंभ केला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा इतिहास बारा फलकांत मांडायचा आणि सोबत एक छोटी पुस्तिका काढायची, असे ठरले आहे. कोथरूडमधील एका वाचनालयाने दिवाळीनंतरच्या आठवड्यासाठी आपले सभागृह विनामूल्य देऊ केले आहे. मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी ती आनंदाने घेतली.

बैठकीत फलकांची जी पहिली यादी झाली ती संस्थापक, देणगी, कायदा, इमारती, कुलगुरू आणि शेवटी ‘सामाजिक कार्य’ अशा क्रमाने होती. यादी वाचताना मला अस्वस्थ वाटत राहिले, कारण सामाजिक कार्य हे या विद्यापीठाचे शेवटचे दालन नव्हते. विधवांच्या आश्रमातून उगवलेले आणि लोकांच्या वर्गणीवर वाढलेले हे विद्यापीठ आहे. त्याचा पायाच लोककार्याचा आहे. तूर्त यादी तशीच ठेवली आहे, परंतु ती बदलावी लागेल असे इतिवृत्तात लिहून ठेवले.

२ मे २०२४

सकाळी दोघी जणी कर्वेनगरला, म्हणजे जुन्या हिंगण्याला जाऊन आलो. कर्वे यांनी विधवांसाठीची मंडळी १८९६ मध्ये स्थापन केली आणि आश्रमाचे काम प्रथम पुणे शहरात चालले. प्लेगमुळे शहरात राहणे अशक्य झाले, तेव्हा १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर हलवण्यात आला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर आधी एक झोपडी उभी राहिली. ती पाहताना मनात आकड्यांपेक्षा अंतराचा विचार अधिक आला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि तेथील काम आटोपून चिखलातून, काट्याकुट्यांतून पायी हिंगण्याला येत. आज त्याच वाटेवर वाहनांची रांग हलत नाही.

पहिल्या फलकाचा मजकूर घरी येऊन लिहिला. तो कर्वे यांच्यापासून सुरू न करता गोदूबाईंपासून सुरू केला आहे. बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई जोशी या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले. या विवाहामुळे कर्वे यांच्या मुरूड गावाने कुटुंबावर बहिष्कार घातला. ज्या बाईच्या लग्नामुळे हे सारे घडले, ती स्वतः शाळेत शिकलेली होती आणि ती शाळा दुसऱ्या एका स्त्रीने काढलेली होती, हा क्रम वाचकाच्या डोळ्यांसमोर पहिल्याच फलकात यायला हवा. बायांनी उतारवयात ‘माझे पुराण’ या नावाने आत्मकथन लिहिले; मजकुरासाठी मी त्याचाच आधार धरला आहे.

१५ मे २०२४

गेले दहा दिवस पार्वतीबाई आठवले यांच्यावरच काम करीत आहे, आणि त्यांच्यासाठी एक फलक पुरणार नाही हे उघड झाले आहे. पार्वतीबाई या बायांच्या धाकट्या बहीण. कोकणात वाढलेल्या, विसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या. बहिणीच्या आधाराने त्या पुण्यात आल्या, शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थेत राबल्या आणि मग संस्थेसाठी निधी मिळवण्याकरिता गावोगाव व्याख्याने देत फिरू लागल्या. ज्या काळात सकेशा, म्हणजे केस राखलेल्या विधवेला समाज तुच्छ लेखत असे, त्या काळात आधी केशवपन केलेल्या या बाईने पुढे ती रूढी सोडली आणि त्यामागची कारणे स्वतः लिहून ठेवली. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी पैसा उभा करावा या हेतूने त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले. १९२८ मध्ये त्यांचे ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाले.

निधी गोळा करणे हा शब्दप्रयोग आज आपण फार सहज करतो. त्या काळी विधवेने परक्या गावात उतरणे, पुरुषांनी भरलेल्या सभेत उभे राहणे, स्वतःची कहाणी सांगणे आणि नंतर झोळी पुढे करणे, यांतील प्रत्येक गोष्ट वेगळी आणि अवघड होती. श्रोत्यांपैकी ज्यांनी एक रुपयाही दिला नाही त्यांनीसुद्धा शिकलेली, निर्भयपणे बोलणारी विधवा आयुष्यात प्रथमच पाहिली असेल. माझ्या मते पार्वतीबाईंचे व्याख्यान हेच या विद्यापीठाचे पहिले विस्तारकार्य होय, आणि तेही विद्यापीठ स्थापन होण्याच्या कितीतरी आधीचे. हे वाक्य पुस्तिकेत ठेवायचे, असे मी ठरवले आहे.

५ जून २०२४

तिसरा आणि चौथा फलक एकत्र लिहून काढले. हिंगण्याला १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले आणि १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ, म्हणजे संस्थेला आयुष्य वाहणाऱ्या सेवकांचा गट, उभा राहिला. त्यानंतरची उडी मोठी आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाराणसीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी कर्वे यांना पाठवली होती. तोक्योतील हे विद्यापीठ १९०१ मध्ये स्थापन झाले होते. पुस्तिका काही काळ तशीच पडून राहिली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना ती त्यांच्या हाती लागली आणि स्वतंत्र महिला विद्यापीठाची कल्पना त्यांनी त्या व्यासपीठावरून मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू झाले आणि पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या पाच.

गटातील धाकट्या सहकारीने विचारले, “ताई, पाच मुलींसाठी कोणी विद्यापीठ काढते का?” प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर फलकात असलेच पाहिजे. मुंबई विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंद नव्हते; परंतु तेथील सारे शिक्षण इंग्रजीतून होते आणि उशिरा अक्षर गिरवू लागलेल्या, संसारात अडकलेल्या किंवा विधवा झालेल्या बाईला त्या दारातून आत जाणे जवळजवळ अशक्य होते. नव्या विद्यापीठाने मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम ठरवले आणि इंग्रजी एक विषय म्हणून ठेवली. पदव्यांची नावेही आपल्या भाषेची झाली : पदवीधर स्त्री ‘गृहीतागमा’ आणि त्यापुढची ‘प्रदेयागमा’. अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्य असल्यामुळे त्या काळी पुष्कळांनी टीका केली की येथे बाईला पुन्हा स्वयंपाकघरातच बसवले जात आहे. या टीकेत तथ्य होते, असे मला आजही वाटते. मात्र भाषेचा निर्णय इतका दूरदृष्टीचा होता की त्यापुढे अभ्यासक्रमातील ती मर्यादा काळाच्या ओघात गळून पडली.

२२ जून २०२४

आज लिहिलेला मजकूर वैयक्तिक आहे. तो फलकावर जाणार नाही, परंतु नोंदीत असावा.

महाविद्यालयात न जाता घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची सोय या विद्यापीठाने बायकांसाठी दीर्घकाळ ठेवली. माझी आई त्याच वाटेने पदवीधर झाली. लग्नानंतर चौदा वर्षांनी तिने पुन्हा पुस्तक हाती घेतले. पहाटे चारला उठून ती वाचायची, सहाला स्टोव्ह पेटवायची आणि दुपारी आम्ही शाळेत गेलो की उत्तरे लिहून पाहायची. परीक्षेच्या आठवड्यात आमची आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, शेजारणींना सांगायची, “आमच्या सूनबाईंची परीक्षा आहे, कोणी हाका मारू नका.” स्वतः चौथीच्या पुढे न शिकलेल्या आजीने ही पहाऱ्याची जबाबदारी आपणहून घेतली होती. निकालाच्या दिवशी घरात शिरा झाला आणि आजीने पहिली वाटी देवापुढे न ठेवता आईच्या हातात दिली.

सहकारीने हा प्रसंग पुस्तिकेत घालण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला. पण बहिस्थ विद्यार्थिनींवर एक पूर्ण फलक करायचा, हे मात्र ठरले. १९७९ पासून विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षणाची रीतसर व्यवस्था उभी केली, तीही याच फलकात येईल. विद्यापीठ ज्या घरांत शिरले, त्या घरांची गणना कोणत्याही इमारतीच्या कोनशिलेवर होत नाही.

८ जुलै २०२४

आजची बैठक कठीण गेली. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. माझ्या नव्या आराखड्यात या घटनेला अर्धाच फलक आहे, यावर दोघींनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की या रकमेशिवाय विद्यापीठ तगलेच नसते. ते खरे आहे आणि मी ते मान्य केले. माझा मुद्दा वेगळा होता. देणगीच्या आधीची चार वर्षे विद्यापीठ थेंबाथेंबाने जमवलेल्या वर्गणीवर चालले. शिवाय वर्गणी देणाऱ्यांना सिनेट निवडण्याचा हक्क होता, म्हणजे पैसा देणारा सामान्य माणूस विद्यापीठाचा मतदारही होता. सरकारी मान्यता नसलेल्या संस्थेने आपला अधिकार लोकांकडून मागून घेतला, ही गोष्ट पंधरा लाखांच्या आकड्याखाली दबून जाऊ नये.

शेवटी तडजोड अशी झाली : देणगीला पूर्ण फलक मिळेल, पण त्याच फलकावर लेडी प्रेमलीला ठाकरसी यांचे कामही येईल. सर विठ्ठलदास १९२२ मध्ये निवर्तले. त्यानंतर प्रेमलीलाबाईंनी या विद्यापीठाचा संसार अनेक दशके सांभाळला. १९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळाली, तेव्हा त्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पुण्यातील त्यांच्या ‘पर्णकुटी’त गांधीजींनी १९३३ मध्ये उपोषण केले होते. देणगीदाराची पत्नी एवढीच त्यांची ओळख आजवर सांगितली गेली, हे मला अन्यायाचे वाटते. तडजोडीमुळे फलक अधिक चांगला झाला, हे येथे कबूल करते.

मान्यतेचा मुद्दाही याच जागी मांडला आहे. १९१६ ते १९५१ अशी पस्तीस वर्षे येथून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. तरीही त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, शाळा चालवू लागल्या. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले. त्याआधीच्या काही वर्षांत इरावती कर्वे यांनी विद्यापीठाच्या प्रशासनाचे काम पाहिले होते, याची एक ओळ घेतली.

२७ जुलै २०२४

या फलकाविषयी मी ठाम राहिले आणि यापुढेही राहीन. हिंगण्याच्या आश्रमात आरंभी ज्या विधवा आल्या त्या प्रामुख्याने ब्राह्मण आणि उच्चवर्णीय घरांतील होत्या. देणगीदार दुरावू नयेत म्हणून कर्वे यांनी आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून जाणीवपूर्वक वेगळे ठेवले आणि जातीच्या प्रश्नावरही सावध पावले टाकली. याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती आणि ती सर्व जातींच्या मुलींकडे पाहणारी होती. अर्धशतकानंतरची संस्था त्या बाबतीत फुल्यांच्या मागे होती, हे आपण लिहिले नाही तर आपला इतिहास अपुरा राहील आणि मुलींना तो अपुराच वाटेल.

या सावधपणाची दुसरी बाजूही फलकात आहे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, कर्वे यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. जातिभेद नाहीसा व्हावा यासाठी आयुष्याच्या सहाव्या-सातव्या दशकात नव्हे तर नवव्या दशकात संघटना उभारणारा माणूस आपली आधीची मर्यादा ओळखत होता, असे मी मानते. एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, “आण्णांवर, म्हणजे कर्व्यांवर, टीका कशाला? प्रदर्शन करायचे आपण त्यांच्या जयंतीच्या दिवशीच ठरवले ना?” मी त्यांना मसुदा वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी एकच शब्द बदलायला सांगितला : ‘उणीव’ऐवजी ‘मर्यादा’. बदल केला.

१९ ऑगस्ट २०२४

परदेश प्रवासांचा फलक लवकर झाला. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत त्यांनी भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या या प्रयोगावर भाषण केले. पुढे आफ्रिकेतही ते दीर्घकाळ फिरले आणि तेथील भारतीयांकडून विद्यापीठासाठी निधी मिळवला. नकाशा काढून दिला की पुरे.

१२ सप्टेंबर २०२४

उत्तरार्धाचे काम आता खरे रंगात आले आहे. १९७४ या वर्षात दोन गोष्टी घडल्या. एक, स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीने आपला अहवाल सादर केला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० पर्यंत घसरले आहे, हे वास्तव त्याने देशापुढे ठेवले. दुसरी, आमच्या विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांविषयीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. भारतातील विद्यापीठांमध्ये अशा प्रकारचे ते पहिले केंद्र होते.

केंद्राची मांडणी वाचताना हिंगण्याचा धागा पुन्हा हाती लागला. नीराबेन (मुंबईत सारे त्यांना असेच म्हणत) अभ्यास आणि कृती यांची फारकत मानत नव्हत्या. चर्चगेटच्या वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी दक्षिण गुजरातमधील उदवाडा परिसरात ग्रामीण स्त्रियांसोबत विकासाचा प्रकल्प उभा केला. मुंबईहून गाडीने जाऊन गावातील बायकांच्या कामाची, मजुरीची, आरोग्याची माहिती घ्यायची आणि तीच माहिती पुन्हा वर्गात आणायची, ही पद्धत तेव्हा विद्यापीठांना नवी होती. जिच्याविषयी लिहायचे तिच्या ओसरीवर आधी बसायचे, हा आग्रह मला पार्वतीबाईंच्या फिरतीचाच पुढचा टप्पा वाटतो. फरक एवढाच की पार्वतीबाई मागायला जात होत्या आणि या प्राध्यापिका ऐकायला.

एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली आणि त्यातून पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना जन्माला आली. आमच्या कुलगुरू राहिलेल्या माधुरीबेन शाह त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. १९८० च्या दशकात आयोगाने देशभरातील विद्यापीठांत स्त्री-अभ्यास केंद्रांना पाठबळ दिले. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. नीराबेन, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हा स्त्रियांच्या स्मृतींचा ध्वनी आणि चित्र संग्रह उभारला, त्याचाही उल्लेख घेतला आहे, कारण आम्ही आज जे करतो आहोत त्याची रीत आम्हाला त्यांनीच घालून दिली.

या मजकुराला दोन फलक दिले आणि इमारतींचा फलक रद्द केला.

५ ऑक्टोबर २०२४

छपाईपूर्व तपासणीत गंभीर चूक सापडली. मान्यतेचे वर्ष १९५१ ऐवजी १९१५ पडले होते. अंकांची अदलाबदल माझ्याच हस्तलिखितात झाली होती, छपाईवाल्यांचा दोष नव्हता. तिघींनी वाचूनही ती निसटली. आता प्रत्येक फलक दोघींनी मोठ्याने वाचायचा, एकीने वर्ष उच्चारायचे आणि दुसरीने ते मूळ नोंदीशी ताडायचे, असा नियम केला. या पद्धतीने आणखी दोन चुका निघाल्या.

३ नोव्हेंबर २०२४

आज भाऊबीज. हिंगण्याच्या संस्थेची एक जुनी रीत आहे : दिवाळीच्या सुमारास कार्यकर्ते घरोघरी जातात आणि भाऊबीज निधी मागतात. बहिणीला ओवाळणी घालणाऱ्या भावाने शिकणाऱ्या अनोळखी बहिणीलाही ओवाळणी घालावी, ही कल्पना इतकी साधी आणि इतकी आपल्या घरातली आहे की ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. विद्यापीठ मुंबईला गेले, हिंगण्याची संस्था वेगळी वाढली, तरी ही रीत दोहोंच्या समान मुळातून आली आहे.

मला आठवते तेव्हापासून आमच्या घरी पावतीपुस्तक घेऊन एक बाई येत. आजी त्यांना आधी पाणी, मग फराळाची बशी आणि मग पैसे देत असे, आणि पावती देवघरातील पोथीत ठेवत असे. आज दुपारी मी ती पोथी काढली. सहा पावत्या निघाल्या. दोन रुपयांच्या चार आणि पाच रुपयांच्या दोन. पाच रुपयांची पहिली पावती आई पदवीधर झाली त्या वर्षीची आहे. आजीने रक्कम कधी आणि का वाढवली, हे तिने कोणाला सांगितले नव्हते.

संध्याकाळी सहकारीला फोन करून सांगितले की वर्गणीच्या फलकाखाली काचेची एक छोटी पेटी हवी आहे.

८ नोव्हेंबर २०२४

फलक लावून झाले. उद्या कर्वे यांची पुण्यतिथी. १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, ९ नोव्हेंबरला ते गेले. भारतरत्नाचे छायाचित्र प्रवेशद्वाराशी लावावे असे आधी ठरले होते, ते आता शेवटच्या भिंतीवर आहे. दारातून आत येताच प्रथम गोदूबाई भेटतात, नंतर पार्वतीबाई. मधल्या टेबलावर पाच जागा मोकळ्या ठेवल्या आहेत आणि तेथे वही व पेन ठेवले आहे; ज्यांच्या घरी कोणी बहिस्थ परीक्षा दिली असेल त्यांनी नाव आणि वर्ष लिहावे.

दिवे बंद करण्यापूर्वी वाचनालयाच्या सफाईताईंनी पेटीतल्या पावत्या वाकून पाहिल्या. “माझ्या सासूनं पण दिली होती परीक्षा,” त्या म्हणाल्या, “दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास.” वहीतील पहिली ओळ त्यांनी लिहिली. वर्ष नक्की आठवत नव्हते म्हणून घरी फोन लावला, आणि पलीकडून सासूबाईंनी मोठ्याने सांगितलेले वर्ष आम्हा सगळ्यांना ऐकू आले.